चौथं ऋण

देवळाचं वय विचारलं तर देवाचा अवमान होतो का? हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या सासूबाईंनी विचारला, आणि काळजीच्या सुरात विचारला.

आम्ही अंबरनाथचे. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, आणि सोमवारी आधी देऊळ, मग कॉलेज हा नेम सासूबाईंनी मला लावून दिलेला. गाभाऱ्यात जायचं तर वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. खाली पिंड, आणि मान वर केली की थेट आकाश, कारण गाभाऱ्यावरचं शिखर अपुरं आहे. ते अपुरं का, याचं उत्तर आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं: पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडलं, आणि काम टाकून त्यांना निघावं लागलं.

याच देवळातला शिलालेख मात्र शके ९८२ सांगतो, म्हणजे इ.स. १०६०. त्यात शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तो मुम्मुणी म्हणून भेटतो. हा शक सुरुवातीला ७८२ असा वाचला गेला होता. पुढे तो ९८२ असल्याचं ठरलं आणि देवळाचं वय दोनशे वर्षांनी उतरलं. मी हे सगळं एका पुस्तकात वाचून उत्साहाने घरी सांगितलं. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

"अगं, तो अनादी म्हणायचा आणि त्याच्या घरावर तारीख घालायची, हे मला बरं वाटत नाही."

"आई, तारीख घराची आहे, त्याची नाही."

"बरं. मग घर बांधणाऱ्यांची नावं आहेत का त्या लेखात?"

"राजाचं आहे. त्याच्या अमात्यांची आहेत."

"मी दगड उचलणाऱ्यांचं विचारतेय."

मी काही बोलले नाही. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. पण अवमानाची काळजी बोलून दाखवता दाखवता त्यांनी जो दुसरा प्रश्न विचारला, तोच मला खरा धर्माचा प्रश्न वाटतो. पहिल्याचं उत्तरही त्याच वाटेने मिळतं, अशी माझी आता खात्री झाली आहे. त्या वाटेवर मला आणून सोडलं ते चुन्याने.

शाळेत आपण सगळ्यांनी केलेला एक प्रयोग आठवा. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची आणि तिच्यात नळीने फुंकर घालायची. नितळ पाणी बघता बघता दुधाळ होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जोडला जातो आणि त्यातून चुनखडीचे बारीक कण तयार होतात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हे मुलांना शिकवलं. पण मध्ययुगातल्या दगडी भिंतींचं वय याच क्रियेवरून काढतात, हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, फिनलंडमध्ये. आमची लेक तिथे तुर्कूला नोकरीला आहे. तिने मला बोटीने ओलँडच्या बेटांवर नेलं आणि तिथली जुनी चर्च दाखवली. त्या चर्चच्या भिंतींसाठीच ही पद्धत वर्षानुवर्षं तासली आणि घासली गेली आहे.

पद्धत मुळात सरळ आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजला की त्यात करोडो वर्षं अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, वाफा सोडतो आणि विरतो. विरलेल्या चुन्यात वाळू कालवून गवंडी तो दगडांच्या दरजांमध्ये भरतो. मग तो हळूहळू घट्ट होतो, आणि घट्ट होताना आजूबाजूच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. म्हणजे भट्टीत दगडाने जे गमावलं, ते भिंतीत त्याला परत मिळतं, फक्त या वेळी ते त्या वर्षीच्या हवेतून मिळतं. हवेतल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ अगदी थोडा असतो, साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक. एकदा चुना घट्ट झाला की नवा येत नाही आणि असलेला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजलं की गवंड्याने थापी केव्हा चालवली ते कळतं. ही कल्पना लाबेरी आणि देलिब्रियास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडली.

इतकं सरळ, तरी पुढची तीस-चाळीस वर्षं ही पद्धत फसव्या तारखा देत राहिली. ती कुठे फसते ते इथे सांगायलाच हवं, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथेच आहे. भट्टीत सगळेच दगड सारखे भाजले जात नाहीत. मधला एखादा खडा कच्चा राहतो. त्यातला कार्बन करोडो वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा. त्यात कार्बन-१४ चा मागमूस नसतो. असा मृत कार्बन शंभरात एक भाग जरी मिसळला तरी भिंतीचं वय खऱ्यापेक्षा सुमारे ८० वर्षांनी जास्त भरतं. पाच भाग मिसळला तर ४०० वर्षांनी. वाळूतच चुनखडीचे कण असले तरी तेच होतं. उलट दिशेनेही घोटाळा होतो. निवळीच्या प्रयोगात फुंकर घालत राहिलं तर दुधाळ झालेलं पाणी पुन्हा नितळ होतं, हे मुलांना फार आवडायचं. भिंतीत हेच पाऊस करतो. पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जुना चुना थोडा विरघळवतो आणि पुन्हा साका धरतो, आणि नव्या हवेचा कार्बन आत शिरून भिंत खऱ्यापेक्षा तरुण दिसते. शिवाय रुंद भिंतीच्या पोटातला चुना घट्ट व्हायला फार वर्षं लागतात, म्हणून नमुना खोलातून घेऊन चालत नाही. अगदी वरून घ्यावा तर तिथे नंतरच्या दुरुस्तीचा हात फिरलेला असतो.

यातून वाट काढली ती ओलँडच्या अभ्यासकांनी. तुर्कूच्या ओबो अकादमीच्या कला-इतिहासकार ओसा रिंगबोम, त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ अल्फ लिंड्रूस, डेन्मार्कमधल्या ऑरहूसचे भौतिकशास्त्रज्ञ यान हाइनेमायर. या मंडळींनी १९९० च्या दशकापासून बेटांवरच्या चर्चच्या भिंती दरज दरज करून तपासल्या. चुना हलक्या हाताने कुटून, चाळून, बारीक कण वेगळे करायचे आणि त्यावर फॉस्फोरिक आम्ल सोडायचं. गवंड्याच्या हातचा चुना सच्छिद्र, तो आधी विरघळतो. कच्च्या चुनखडीचे कण घट्ट, ते मागून विरघळतात. म्हणून पहिल्या काही सेकंदांत फसफसून निघालेला वायू वेगळा धरायचा, मग दुसरा भाग, मग तिसरा. पहिल्या भागाचं वय सर्वांत विश्वासाचं. पुढच्या भागांचं वय त्याच्याशी जुळत राहिलं तर तारीख पक्की. झपाट्याने वाढत गेलं तर आत काहीतरी परकं मिसळलेलं आहे हे ओळखायचं. नवीन यंत्रांना यासाठी मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणजे भिंतीतून चिमूटभर चुना घेतला की भागतं. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आम्लाने फसफसणाऱ्या चुन्याचे पहिले बुडबुडे आणि नंतरचे बुडबुडे वेगळे धरायचे, हे ऐकून मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी किती सबुरी!

ओलँडला या पद्धतीची गरज का पडली? ही बेटं फिनलंडची, पण भाषा स्वीडिश आणि कारभार बराचसा स्वायत्त. तिथली मध्ययुगीन चर्च लालसर ग्रॅनाइटची आहेत आणि ती केव्हा बांधली याचा समकालीन कागद नाही. त्यामुळे तर्कांना मोकळं रान होतं. मात्स द्रेयर नावाचे तिथले पुरातत्त्वज्ञ होते. सुंद गावच्या चर्चमध्ये सापडलेल्या एका दगडी क्रुसावरची अक्षरं वाचून त्यांनी मांडलं की ही इ.स. ९३६ मध्ये वारलेल्या बिशप उन्नीची खूण आहे, आणि ख्रिस्ती धर्म या भागात पहिल्यांदा याच बेटांवर उतरला. हे मानलं की दगडी चर्चही जुनी मानावीशी वाटतात. चुन्याने मात्र वेगळी साक्ष दिली. दगडी चर्च उभी राहायला लागली ती तेराव्या शतकात, आणि बरीचशी त्याच्या उत्तरार्धात. योमाला गावच्या संत ओलाफच्या चर्चच्या मनोऱ्यात लाकडी तुळया आहेत. त्यांची वलयं मोजली तर तीही १२८० च्या आसपासचा काळ दाखवतात. चुना आणि लाकूड यांची अशी गाठ पडते तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही.

त्या योमालाच्या चर्चमध्ये आम्ही गेलो तेव्हा माझ्याच वयाची एक बाई मेणबत्त्यांच्या दांड्यांवरचं मेण खरवडून काढत होती. लेकीने मध्ये पडून इंग्रजीत बोलणं करून दिलं. मी तिला विचारलं, चर्च पूर्वी सांगत त्यापेक्षा पुष्कळ अलीकडचं निघालं, याचं वाईट वाटतं का? तिने हातातलं काम थांबवलं नाही. ती म्हणाली, बिशपच्या काळातलं नाही म्हणजे मग हे आमच्याच लोकांनी बांधलं असणार. आणि तिने सांगितलं की इकडे चुन्याचं काम उन्हाळ्यापुरतंच चालतं, कारण ओला चुना गोठला की भुसभुशीत होऊन गळतो. एवढासा उन्हाळा. तेवढ्यात शेतीही उरकायची, मासळीही धरायची, आणि त्यातूनच वेळ काढून थोडी भिंत चढवायची. मग बर्फ पडायच्या आधी ती झाकून ठेवायची आणि पुढच्या वर्षाची वाट पाहायची.

मी त्या भिंतीला हात लावला. दोन दगडांमधली दरज माझ्या बोटाएवढी रुंद होती आणि तिच्यातली वाळू तांबूस दिसत होती, ग्रॅनाइटचा चुरा असावा तशी. एका जागी चुन्यात कोळशाचा काळा कण अडकला होता, भट्टीतल्या लाकडाचा. कुणाच्या तरी खोऱ्यातून तो मालात आला आणि तिथेच राहिला.

सासूबाईंच्या प्रश्नाला इथे उत्तराची वाट फुटते, असं मला तेव्हा वाटलं. शिलालेखात राजा बोलतो. दंतकथेत पांडव बोलतात. चुना ज्याच्याबद्दल बोलतो त्याला दोन्हीकडे जागा नाही. त्या पद्धतीने जे मोजलं जातं ते राजाचं फर्मान नाही, पायाभरणी नाही आणि देवाची प्रतिष्ठापनाही नाही. एका माणसाने एका दिवशी ओला माल दरजेत भरून थापी फिरवली, तो काळ मोजला जातो.

आणि भिंतीचं वय फुगतं ते कशाने? कच्च्या राहिलेल्या खड्याने. त्याला आपण मोठेपणा देतो, कारण तो प्राचीन असतो, पण बांधकामात त्याचा वाटा काही नसतो. तो नुसता मिसळलेला असतो. आपल्या दंतकथाही भिंतीत असंच मृत प्राचीनत्व मिसळतात, असं मी म्हणते तेव्हा मला दंतकथांचा उपमर्द करायचा नाही. पांडवांची गोष्ट मी नातवंडांना आजही सांगते. त्या गोष्टीत एक खरा भाव आहे: हे काम इतकं थोर आहे की माणसाच्या हातून होणं नाही. म्हणजे ती मुळात कारागिरीची स्तुतीच आहे. पण स्तुती करता करता ती काम हातातून काढून घेते. अंबरनाथच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती ज्याने घडवल्या, त्याला आपण नऊशे वर्षांहून जास्त काळ सांगत आलो आहोत की हे तुझं नाही. मला हे पाप वाटतं. लहान असेल, नकळत घडलेलं असेल, पण पापच.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट गावात आठ खांबांच्या कमानींवर उभा असलेला एक गोल दगडी मनोरा आहे. डॅनिश पंडित कार्ल क्रिस्तियान राफ्न यांनी १८३९ मध्ये तो कोलंबसाच्या आधी आलेल्या नॉर्स लोकांचा असल्याचं मांडलं आणि गावाला ते फार आवडलं. लाँगफेलोसारख्या कवीने तो मनोरा कवितेत आणला. तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर बेनेडिक्ट आर्नल्ड यांच्या १६७७ च्या मृत्युपत्रात 'माझी दगडी पवनचक्की' असा उल्लेख आहे, तरी लोक मानेनात. १९४८-४९ मध्ये पायाशी उत्खनन झालं, वसाहतकाळातल्या वस्तू सापडल्या, तरी मानेनात. शेवटी त्याच हाइनेमायर यांनी फिनलंडचे होग्ने युंग्नर यांच्यासह मनोऱ्याचा चुना तपासला आणि काळ निघाला १६३५ ते १६९८ च्या दरम्यानचा. तरीही आजवर कुणी टेम्पलर सरदारांचं, कुणी चिनी दर्यावर्द्यांचं नाव पुढे करतंच आहे. धान्य दळणारी चक्की बांधणारे साधे लोक आपले पूर्वज असावेत हे माणसाला पुरत का नाही? मला यात प्राचीनतेची ओढ कमी दिसते, साध्या माणसाचं देणं मान्य करण्याची टाळाटाळ जास्त दिसते.

आता सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. देव अनादी, मग घराला तारीख कशी? आपल्या परंपरेने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे, आणि ते आपण रोज जगतो. त्र्यंबकेश्वराचं ज्योतिर्लिंग भक्तांसाठी अनादी आहे. आजचं देऊळ अठराव्या शतकातलं, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आधी मालोजीराजे भोसल्यांनी केला, पुढे होळकरांनी. सोमनाथची प्राणप्रतिष्ठा मे १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली, म्हणजे ती पाहिलेली माणसं आजही असतील. यातल्या कुठल्या यात्रेकरूची श्रद्धा देवळाच्या वयाने उणावली? एकाही नाही. उलट आपल्याकडे नवं देऊळ बांधण्यापेक्षा पडक्याचा जीर्णोद्धार करण्याचं पुण्य मोठं मानतात. म्हणजे घर जुनं होणार, पडणार आणि नव्या हातांनी पुन्हा उभं राहणार, हे धर्मानेच गृहीत धरलेलं आहे.

वेदान्तात घटाकाश आणि मठाकाश असे दृष्टान्त येतात. घटातलं आकाश घटामुळे जन्मत नाही आणि मठ पडल्याने मठातलं आकाश मरत नाही. भिंतींनी आकाश निर्माण केलं नाही, नुसतं वेढलं. अंबरनाथच्या उघड्या गाभाऱ्यात उभं राहिलं की हा दृष्टान्त डोळ्यांपुढे साक्षात असतो. पण हा दृष्टान्त सांगणारे पुष्कळदा तिथेच थांबतात: भिंतींचं काय एवढं, त्या तर उपाधी. मला इथे थांबता येत नाही. आकाशाला भिंतींची गरज नसेल, मला आहे. मी सोमवारी ज्या पायऱ्या उतरते त्या कुणी तरी घडवल्या म्हणून उतरते. अनादी तत्त्वापर्यंत पोचायला मला १०६० सालच्या कुणाच्या तरी छिन्नीचा आधार लागतो. त्या माणसाची आणि माझी गाठ देवाने घालून दिली आहे आणि ती तारखेशिवाय होऊ शकत नाही, कारण माणूस तारखेतच राहतो. देवाला अनादी म्हणायचं तर म्हणावं, मीही म्हणते. पण त्याच्या घराला अनादी म्हटलं की बांधणाऱ्याला राहायला काळच उरत नाही.

लहानपणी आपण तीन ऋणं शिकतो: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋण सांगितलं आहे, मनुष्यऋण. हे माझ्या ध्यानात उशिरा आलं आणि आलं तेव्हा फार समाधान वाटलं. यज्ञाने देवांचं, अध्ययनाने ऋषींचं आणि संततीने पितरांचं ऋण फेडायचं. आणि माणसांचं? माणसांना आपल्या घरी ठेवून घेऊन, जेवू घालून. अंबरनाथचा पाथरवट माझा देव नाही, ऋषी नाही, पितरही नाही. तो माझ्या कुळातला नाही, त्याची जात मला माहीत नाही, त्याला तर्पण कुणी देत नाही. पहिल्या तीन ऋणांत तो कुठेच बसत नाही. चौथ्यात बसतो. म्हणून देवळाचं वय काढणं हे मला धर्मबाह्य वाटत नाही. देणं किती आणि कुणाचं, हे नोंदवण्याचं ते काम आहे.

एक भीती मात्र मी उघड बोलून दाखवते. आपल्याकडे हल्ली प्रार्थनास्थळाची तारीख विचारली जाते ती पुष्कळदा कुणाला तरी हरवायला. आधी कोण होतं, नंतर कोण आलं, कुणाचा हक्क. चुना यात साक्षीदार म्हणून ओढला जाईल तेव्हा तो जेवढं सांगू शकतो तेवढंच त्याला विचारावं. तो घट्ट केव्हा झाला ते सांगतो. त्याच्यासमोर कोणती प्रार्थना म्हटली गेली, ते हवेतला कार्बन सांगत नाही. एकाच भिंतीत तीन शतकांचे चुने असतात. त्यातला आपल्याला सोयीचा निवडून बाकीचे खरवडून टाकणं म्हणजे ज्यांनी ती भिंत पडू दिली नाही त्यांचं ऋण बुडवणं. दुरुस्ती करणारा गवंडीही बांधणाऱ्याइतकाच माझा धनको आहे, मग त्याचा देव कोणताही असो. यावर मला तडजोड मान्य नाही.

आणि आमच्या महाराष्ट्रात तर ही पद्धत पुष्कळ ठिकाणी लावताच येत नाही. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, त्या देवळांत चुनाच नाही. दगडाला खाच, दुसऱ्याला तशीच खुंटी, आणि वजनाने एकमेकांना धरून राहिलेले थर. (अंबरनाथलाही लोक हेमाडपंती म्हणतात, यादवांचा मंत्री हेमाद्री त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. इथेही एका मोठ्या नावाने बाकीच्यांना झाकून टाकलं आहे.) चुनाच नाही म्हटल्यावर हवेची नोंद नाही. मग या कारागिरांपर्यंत जायचं कसं? दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवरून, शैलीवरून, एखाद्या लेखावरून, जमेल तसं. आणि जिथे चुना आहे, पेशवाईतल्या देवळांत, घाटांत, वाड्यांत, तिथे तो जपून.

माझं माहेर वाईजवळचं. लहानपणी गावाबाहेर चुन्याच्या घाणीचं वर्तुळ होतं, दगडी चर आणि त्यात आडवं पडलेलं भलं मोठं दगडी चाक. बैल जुंपून चुना मळायचे ते माझ्या आजोबांनी पाहिलेलं. गावातल्या लहानशा देवळाची दुरुस्ती निघाली तेव्हा कुणी म्हणालं सिमेंट मारा, लवकर होईल. सुदैवाने काम जाणत्या मिस्त्रींकडे गेलं आणि त्यांनी चुनाच वापरायचा धरला. मी माहेरी गेले होते तेव्हा ते जुन्या दरजांतला निसटलेला माल काढून नवा भरत होते. मी त्यांना एवढंच सुचवलं की जिथे जुना चुना घट्ट आहे तिथे हात लावू नका, आणि जो काढाल त्यातला थोडा भिंतीची जागा लिहून डब्यात ठेवा, पुढे कुणी तपासायला आलं तर उपयोगी पडेल. त्यांनी विचारलं, "त्यात काय तपासायचं, आक्का?" मी सांगितलं. निवळीचा प्रयोग त्यांना शाळेतला आठवत होता.

"म्हणजे माझ्याही चुन्यात निघंल? आम्ही ह्या साली भरला ते?"

"निघेल की. शंभर वर्षांनी निघेल, पाचशे वर्षांनीही निघेल."

त्यांनी पोराला हाक मारून भरलेल्या दरजांवर ओलं पोतं नीट सरकवायला सांगितलं. चुना ओला राहायला हवा, एकदम वाळला तर हवा आत घेत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. वहिनीला मी म्हटलं, काम चालू आहे तोवर या मंडळींचं दुपारचं जेवण आपल्या घरून जाऊ दे, वर्गणीतून नको. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि सोमवारी काहीतरी गोड. वहिनीने शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं आणि वार वाटून घेतले.